पावाचे पाय

व्युत्पत्ती म्हणजे कुणीही यावे आणि दोन घटका हुतुतू खेळून जावे असे अंगण झाले आहे! आमच्या राधानगरीहून दाजीपूरमार्गे फोंडाघाट उतरला की तळकोकण लागते आणि पुढे गोवा. या वाटेवरच्या कुठल्याही हॉटेलात मिसळीबरोबर पाव आला की कोणीतरी जाणता सांगतोच, "पायांनी तुडवतात, म्हणून तो पाव!" दुसरा त्याहून विद्वान. तो म्हणतो, "छे हो! लादीचा चौथा हिस्सा, म्हणून पाव!"

शुद्ध बादरायण संबंध! पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. हा पाव त्यांच्या भाषेतला. त्याचे मूळ लॅटिन 'पानिस'. इटालियन 'पाने' आणि स्पॅनिश 'पान' ही त्याचीच भावंडे. फ्रेंचांचा पाव तर असा लिहितात की इंग्रजाने तो वाचावा 'पेन', म्हणजे वेदना! इंग्रजांची ही वेदना मात्र शिक्षेच्या अर्थाच्या निराळ्याच लॅटिन शब्दातून आलेली. अक्षरे तीच, कुळे दोन. उद्या एखादा इंग्रज म्हणाला, "फ्रेंच पावाने पोट दुखते, म्हणून त्याचे हे नाव," तर आपण हसू. मग आपले काय?

आपला जुना 'पाव' संस्कृत 'पाद' या शब्दातून आला. चार पायांतला एक तो चौथा हिस्सा. म्हणून पावशेर, पावकी, आणि 'पादोन' ते पाऊण. म्हणजे पाय आहे खरा, पण तो पावकीत आहे, भट्टीत नाही! देवाला 'पाव रे' म्हणतो तो तिसराच, 'प्राप्' धातूचा. पावतीही त्याच घरची.

"यात बिघडले काय?" असे कोणी विचारील. कुठे कोणी पीठ पायांनी मळलेही असेल. पण नाव त्यावरून पडलेले नाही. पाव खाल्ला की धर्म बुडाला, असे मानणारा एक काळ होता. त्या तिरस्काराला ही व्युत्पत्ती शास्त्राची झूल घालते, आणि रात्र रात्र भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याच्या हातांचे पाय करून टाकते. मुले ते ऐकतात आणि तेवढेच लक्षात ठेवतात.

आणि ज्यांना पाव परका म्हणूनच खुपतो, त्यांनी यंदा फराळाच्या चिवड्यातले काजू निवडून टाकावेत, बटाट्याची भाजी परत पाठवावी आणि महिनाअखेर पगारही नाकारावा. हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेले आहेत!

तेवढे धैर्य नसेल, तर घरातल्या पोराने शब्द विचारल्यावर ठोकून देऊ नये, कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ सालचा व्युत्पत्तिकोश त्याच्यापुढे उघडावा.