‘गुणीजानां’चे ऋण

पं. चिंतामण रघुनाथ ऊर्फ सी. आर. व्यास यांच्या जन्मास ९ नोव्हेंबर २०२४ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. हा थोर गायक व बंदिशकार उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, जन्मला हे उमरग्याच्या किती सुशिक्षित घरांत ठाऊक असेल? हा प्रश्न विचारताना आम्हांसही संकोच वाटतो. कारण तो आम्ही स्वतःलाच पूर्वी विचारावयास हवा होता.

व्यासबुवांचे घराणे संस्कृत विद्येचे व हरिकीर्तनाचे. गोविंदराव भातंब्रेकरांकडून त्यांनी किराण्याची तालीम घेतली, राजारामबुवा पराडकरांकडून ग्वाल्हेरची, आणि पुढे मुंबईस जगन्नाथबुवा पुरोहित यांच्याकडून आग्र्याची. ‘जोगकंस’ राग रसिकांस देणारे जगन्नाथबुवा ‘गुणीदास’ या नावाने रचना करीत. शिष्याने ‘गुणीजान’ हे नाव घेऊन २०० हून अधिक बंदिशी बांधल्या. ‘धनकोनी कल्याण’सारखा नवा रागही त्यांनी निर्मिला. १९८७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९९२ साली पद्मभूषण असे सन्मान त्यांस लाभले. २००२ साली त्यांचे निधन झाले.

बंदिश बांधणे म्हणजे कवने जुळविणे नव्हे. चार ओळींत रागाचे चलन उभे राहावे, शब्दांचे वजन तालात बसावे आणि समेवर येताना ऐकणाराची मान आपोआप डोलावी, एवढे सारे तीत साधावे लागते. बुवांनी आपल्या रचना ‘रागसरिता’ या ग्रंथात स्वरलिपीसह दिल्या हे खरे. तथापि स्वरलिपी हा केवळ आराखडा होय. बंदिश जगते ती गळ्यातून गळ्यात जाऊनच. चिरंजीव सुहास व्यास यांच्यासारख्या शिष्यांनी मुंबईत ती परंपरा पुढे नेली. मग जन्मभूमीने काय करावे?

तालुक्याच्या गावी ख्यालगायन ऐकणार कोण, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. ज्या कीर्तनाच्या संस्कारांत बुवा वाढले, ते कीर्तन आजही आपल्या मंदिरांतून चालते. पेटी व तबला भजनी मंडळांपाशी असतातच. उणीव आहे ती शिकविणाराची आणि त्यास सन्मानाने वेतन देण्याच्या आपल्या इच्छेची. मुलांच्या शिकवण्यांवर आपण सढळ हाताने खर्च करतो. संगीताची वेळ आली की मात्र हात आखडतो.

आमची सूचना साधी आहे. उमरग्यातील प्रत्येक शाळेने दरवर्षी ‘गुणीजानां’ची एक बंदिश जाणत्या शिक्षकाकडून मुलांना शिकवावी आणि ९ नोव्हेंबरला ती सर्वांसमक्ष गाऊन घ्यावी. यासाठी सरकारी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुतळे व कमानी यांपेक्षा हा खर्च पुष्कळ कमी. आणि त्यातून या जिल्ह्याच्या सुपुत्राचे गाणे याच जिल्ह्याच्या मुलांच्या कंठी येईल. त्यांचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.