घुसखोर, उमेदवार आणि आपला विश्वास

निवडणुकीच्या हंगामात काही शब्दांना एकदम भाव येतो. 'घुसखोर' हा त्यांपैकीच एक. एरवी हा शब्द वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गुमान पडून असतो. प्रचाराचा नारळ फुटला की तो व्यासपीठावर चढतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर योगायोग असा जुळून आला की, ५ तारखेला अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे मतदान झाले आणि २० तारखेला आपल्या विधानसभेचे. तिकडे डोनाल्ड ट्रम्प बेकायदा शिरलेल्या परक्यांना हाकलण्याच्या गर्जना करीत होते. इकडे झारखंडमध्ये हाच विषय गाजत होता आणि महाराष्ट्रातल्या काही सभांतूनही बांगलादेशी घुसखोरांचे नाव निघत होते.

त्या दिवसांत कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर, वसतिगृहाच्या खोलीत, तालमीच्या कट्ट्यावर ज्या चर्चा मी ऐकल्या, त्यांत प्रामुख्याने तीन पक्ष दिसले. पहिला म्हणे, "निदान हा बोलतोय तरी! बाकीचे तोंडसुद्धा उघडत नाहीत." दुसरा म्हणे, "बोलायला काय पैसे पडतात व्हय? निकाल लागला की घुसखोर तिथंच आणि हा मुंबईत." तिसरा पक्ष सगळ्यांत मोठा. तो म्हणे, "आपल्याला काय त्याचं? कोल्हापूर कुठं, बांगलादेश कुठं!"

मला हे तिन्ही पक्ष अपुरे वाटतात. घुसखोरी हा प्रश्न खोटा नाही. सीमा असलेल्या देशाला, आत कोण येतो हे पाहण्याचा अधिकार आहे. नव्हे, ते त्याचे कर्तव्यच आहे. बनावट कागदपत्रे विकणारे दलाल आहेत, कमी मजुरीत माणूस मिळतो म्हणून डोळेझाक करणारे ठेकेदार आहेत. तेव्हा हा विषय काढणारा उमेदवार लबाडच असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण विषय काढला म्हणजे तो विश्वासार्ह झाला, असे मानणे हा त्याहून मोठा भाबडेपणा! उमेदवाराचा आवाज किती मोठा आहे यावरून काहीच ठरत नाही. तो हे काम कसे करणार आणि चूक झाली तर तिचे मोल कोण देणार, हे सांगण्याची त्याची तयारी आहे का, एवढ्यावरच विश्वास ठेवावा की नाही हे ठरवावे, असे माझे मत आहे.

प्रथम अमेरिकेकडेच पाहू. १९८६ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी एका कायद्यावर सही केली. आधीच आलेल्यांना कायदेशीर करायचे आणि यापुढे बेकायदा माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड करायचा, असा तो सौदा होता. सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. मालकांवरचा बडगा मात्र ढिलाच राहिला. बराक ओबामा यांची प्रतिमा स्थलांतरितांविषयी सहानुभूती असलेल्या नेत्याची. परंतु २०१२ या एका वर्षात त्यांच्या कारकिर्दीत सुमारे चार लाख लोकांना देशाबाहेर पाठवण्यात आले. ट्रम्प यांनी २०१६ मध्ये सांगितले की, सीमेवर भिंत बांधू आणि तिचे पैसे मेक्सिको देईल. मेक्सिकोने एक छदामही दिला नाही. म्हणजे जो सौम्य दिसला त्याने अधिक माणसे बाहेर काढली, आणि ज्याने गर्जना केली त्याच्या भिंतीचा खर्च त्याच्याच देशाच्या तिजोरीवर पडला.

या गोष्टी आपल्यापासून दूरच्या आहेत काय? ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे एक लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यात परत पाठवलेले १०४ भारतीय होते, त्यांतल्या अनेकांच्या हातापायांत बेड्या घातल्या होत्या आणि त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. त्या दिवशी आपण हळहळलो. 'घुसखोर' हा शब्द आपल्या माणसाला लागला की कसा टोचतो, ते तेव्हा कळले. दुसऱ्याला तो लावताना याची आठवण असावी.

आता आपल्या देशाकडे येऊ. घुसखोर किती, या साध्या प्रश्नाचे उत्तर काय मिळाले आहे? १९९७ मध्ये केंद्रीय गृहमंत्री इंद्रजित गुप्त यांनी संसदेत सुमारे एक कोटी हा आकडा सांगितला. २००४ मध्ये गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी तो एक कोटी वीस लाखांवर नेला. गदारोळ होताच, ही माहिती ऐकीव आहे असे म्हणून माघार घेतली. २०१६ मध्ये गृहराज्यमंत्री किरेन रिजिजू यांनी तो दोन कोटी सांगितला. एक कम्युनिस्ट, एक काँग्रेसचा, एक भाजपचा. रोगी किती हेच ज्याला ठाऊक नाही, तो वैद्य अमुक दिवसांत साथ घालवतो म्हणाला, तर आपण त्याच्यावर विसंबू काय?

या बाबतीत आसामइतका बोलका दाखला दुसरा नाही, आणि आपण विद्यार्थ्यांनी तर तो विसरूच नये. कारण ते आंदोलन विद्यार्थ्यांचे होते. १९७९ मध्ये मतदार यादीतल्या परकीयांच्या नावांवरून ते पेटले. १८ फेब्रुवारी १९८३ रोजी, निवडणुकीच्या धामधुमीत, नेल्ली भागात दोन हजारांच्या आसपास माणसे एका दिवसात कापली गेली. त्यांत बायका-मुले फार होती. १५ ऑगस्ट १९८५ रोजी आसाम करार झाला. २५ मार्च १९७१ रोजी वा त्यानंतर आलेल्यांना शोधून बाहेर काढायचे, असे ठरले. त्याच डिसेंबरात विद्यार्थी नेत्यांचा पक्ष निवडून आला आणि प्रफुल्लकुमार महंत मुख्यमंत्री झाले. लोकांनी याहून अधिक विश्वास कोणावर टाकला असेल? पण केंद्राने १९८३ मध्ये आसामसाठी जो कायदा केला होता, त्यात एखादा माणूस परकीय आहे हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर होता, आणि तो कायदा बदलणे राज्य सरकारच्या हाती नव्हते. २००० पर्यंत त्या कायद्याखाली प्रत्यक्ष बाहेर गेलेल्यांची संख्या दीड हजारांच्या आसपास भरली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली नागरिकांची यादी झाली. बाराशे कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. तीन कोटी तीस लाख लोक कागद घेऊन रांगेत उभे राहिले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी यादी लागली तेव्हा १९,०६,६५७ माणसे तिच्याबाहेर होती. ज्यांनी यादीचा आग्रह धरला होता त्यांनाही ती पटली नाही. फेरतपासणीची मागणी झाली. एका राज्यात ही गत!

महाराष्ट्राचाही अनुभव आहे. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. मुंबईतून बांगलादेशींना हाकलू, ही तिच्या प्रचारातली ठळक घोषणा होती. जुलै १९९८ मध्ये मुंबईत पकडलेल्या जरी-कारागिरांना पोलीस रेल्वेने सीमेकडे नेत असताना पश्चिम बंगालमधल्या उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवली आणि त्यांना सोडवून घेतले. हे तर आमचे भारतीय बंगाली, असे तिथल्या लोकांचे म्हणणे. मुंबईचे पोलीस खरे की उलुबेरियाचे लोक खरे, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. बंगाली बोलणारा प्रत्येक माणूस बांगलादेशी नसतो, आणि तो कोण हे ओळखण्याचे खात्रीचे साधन तेव्हाही पोलिसांच्या हाती नव्हते. जून २०२५ मध्ये हेच पुन्हा घडले. ठाणे जिल्ह्यात राबणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले, आणि ते भारतीय असल्याचे कळल्यावर परत आणावे लागले. आपल्या गुजरीत बंगाली कारागीर दागिने घडवतात. शिरोलीच्या फौंड्रीत आणि इचलकरंजीच्या मागावर परप्रांतीय कामगार आहेत. 'कोल्हापूर कुठं, बांगलादेश कुठं' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

उमेदवार ज्या पदासाठी उभा आहे, त्या पदाला हा अधिकार आहे काय, हा प्रश्न तर आपण विचारतच नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात नागरिकत्व व परकीय हे विषय १७ व्या नोंदीत आणि देशात प्रवेश व देशाबाहेर हद्दपारी हे १९ व्या नोंदीत आहेत, आणि या दोन्ही नोंदी केंद्रसूचीतल्या. राज्याचे पोलीस या बाबतीत जे करतात ते केंद्राने सोपवलेल्या अधिकारातून. शिवाय धरलेल्या माणसाला पलीकडच्या देशाने आपला म्हणून स्वीकारावे लागते. तेव्हा विधानसभेचा उमेदवार "मी घुसखोर काढीन" म्हणतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या दुकानातला माल विकत असतो.

राहिला चुकीच्या किमतीचा प्रश्न. वाचकहो, इथे मी तुमच्या-माझ्या घरात शिरतो. परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा असो की त्याची जागा घेणारा २०२५ चा, आपण परकीय नाही हे दाखवण्याचा भार ज्याला धरले त्याच्यावरच असतो. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे आधारविषयीचा कायदाच सांगतो. आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटले. आणि ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याला नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. त्याच्या जन्माच्या वेळी आई-वडील दोघेही नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो. आज महाविद्यालयात बसणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म त्यानंतरचाच!

मग आपल्या आईबापांचे कागद काढून पाहा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख टाकून दिलेली. आईचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. शिरोळ तालुक्यात तर २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कित्येकांच्या ट्रंका पाण्यात गेल्या. भटक्या-विमुक्तांच्या पालावर जन्माचा दाखला कोण शोधणार? राजर्षी शाहू महाराजांनी अशा जमातींची हजेरीची जाचक पद्धत बंद करून त्यांना कामे दिली. माणूस प्रथम संशयित आणि मग नागरिक, हा उलटा न्याय त्यांना मान्य नव्हता. त्यांचे नाव घेणाऱ्या शहरात तो पुन्हा यावा काय?

परक्यांची व्यवस्था नियमाने कशी लावावी, हेही कोल्हापूरने पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या हद्दपारीतून सुटून, इराणमार्गे आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी १९४३ ते १९४८ या काळात शेजारच्या वळिवडे गावी होती. त्यांना शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. ते गेल्यावर फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव तिथे आले आणि त्याच जागी कापडाच्या बाजारपेठेचे गांधीनगर उभे राहिले. ते चोरवाटेने आले नव्हते, हे खरे. पण म्हणूनच हा दाखला मोलाचा आहे. सरकार जेव्हा दार कोणाला उघडायचे ते स्पष्ट ठरवते आणि आलेल्याची व्यवस्था लावते, तेव्हा परका माणूस भीतीचे कारण होत नाही.

तात्पर्य, उमेदवार दारात आला की त्याला चार प्रश्न विचारावेत. तुमचा आकडा कोठून आला? हे काम तुमच्या पदाच्या अधिकारात बसते काय? घुसखोराला बनावट दाखला देणारा दलाल आणि त्याला राबवणारा ठेकेदार, यांपैकी कोणावर तुम्ही हात टाकणार? आणि आपलाच एखादा गरीब माणूस चुकून धरला गेला, तर त्याच्यासाठी पोलीस ठाण्यात तुम्ही उभे राहाल काय?

पहिल्या दोन प्रश्नांवर तो अडखळला तर त्याला अभ्यासाची संधी देता येईल. तिसऱ्यावर गप्प बसला तर समजावे की, दलाल वा ठेकेदार त्याच्या ओळखीचा आहे. पण चौथ्या प्रश्नाला जो हसून उडवून लावील, त्याला मत देऊ नये. मग तो कोणत्याही पक्षाचा असो. ज्याला आपल्या माणसाच्या चुकून होणाऱ्या हद्दपारीची फिकीर नाही, तो सीमेचे रक्षण करतो आहे असे मला वाटत नाही. तो फक्त आपल्या भीतीवर मते मागतो आहे.

आपल्यापैकी अनेकजण येत्या निवडणुकीत प्रथमच मतदान करतील. बोटाला शाई लावून घेण्याआधी हे चार प्रश्न उमेदवाराला विचारण्याइतकी धिटाई महाविद्यालयाने आपल्याला दिली असेल, तर इथली वर्षे वाया गेली नाहीत असे म्हणता येईल.