खिशातल्या संगणकाला मॉनिटर द्या

बारावीचे निकाल लागले की पुस्तक बदलायला आलेले पालक आमच्या वाचनालयाच्या टेबलाशी जरा रेंगाळतात आणि विचारतात, "मॅडम, पोरीला आता लॅपटॉप घ्यावाच लागेल का?" कॉलेजात असाइनमेंट टाइप करून मागतात, प्रकल्पाचा अहवाल पीडीएफ करून पाठवायचा असतो, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. बरा म्हणावा असा लॅपटॉप घ्यायचा तर तीस-पस्तीस हजार रुपये मोजावे लागतात. आमचा तालुका उसाचा. कारखान्याचं बिल जमा झालेलं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर हप्ते आलेच. मी त्यांना एकच सांगते : आधी पोरीच्या हातातला फोन कोणता आहे ते बघू.

मी तंत्रज्ञ नाही, ग्रंथपाल आहे. पण वाचनालयाचा वार्षिक अहवाल, अनुदानाचे तक्ते, कार्यक्रमांच्या बातम्या आणि हा लेखसुद्धा मी फोनवरच लिहिते. स्क्रीनवर अंगठे चालवत नाही. फोन मॉनिटरला जोडते, कीबोर्ड आणि माउस घेते आणि खुर्चीत नीट बसून लिहिते. फोन आहे सॅमसंगचा गॅलेक्सी एस२० एफई, २०२० साली बाजारात आलेला. मी तो वापरलेलाच घेतला. टाइप-सी हब नावाचा बोटभर रुंदीचा डबा मिळतो. त्याची एक वायर फोनला लावायची. डब्याला मॉनिटरची केबल, कीबोर्ड, माउस आणि चार्जर जोडायचे. की मॉनिटरवर संगणकासारखा डेस्कटॉप उमटतो : खाली पट्टी, वेगवेगळ्या खिडक्या, एकीकडे उघडलेली पीडीएफ आणि शेजारी लिहायचं पान. सॅमसंग याला डेक्स म्हणते. मधे फोन आला तर घेता येतो, लेखन तिथेच राहतं. लाइट गेली तर मॉनिटर बंद पडतो, पण फोन बॅटरीवर चालू असल्याने एक ओळही वाया जात नाही. ज्या गावात लाइटचा भरवसा नाही, तिथे या गोष्टीची किंमत कळते.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. तासभर काम झालं की फोन तापतो. म्हणून कव्हर काढून तो टेबलावर उघडा ठेवावा, उशीवर किंवा कागदांच्या ढिगाखाली ठेवू नये.

२०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के आणि शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत संगणक असल्याचं दिसलं. दोनच वर्षांनी करोना आला आणि उरलेल्या घरांतली मुलं सहा इंचांच्या स्क्रीनवर शाळा शिकली. त्या आकड्यांत फोन धरलेला नव्हता, आणि आजही कुणी तो धरत नाही. पण दहा वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयांत जे संगणक होते, त्यांच्यापेक्षा आजचा मध्यम किमतीचा फोनसुद्धा लिहिण्या-वाचण्याच्या कामाला कमी पडत नाही. त्याला कमी पडतात ते मॉनिटर आणि कीबोर्ड.

ही कल्पना नवी नाही. मोटोरोलाने २०११ साली एट्रिक्स हा फोन आणला, तेव्हा त्याच्याबरोबर लॅपडॉक विकायला ठेवला होता. तो दिसायला लॅपटॉप. आत मात्र संगणक नाही, फोन मागे खोचायचा. हा रिकामा लॅपटॉपच जवळपास पाचशे डॉलरना होता. २०१३ साली कॅनॉनिकल कंपनीने उबंटू एज या फोनसाठी लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर जमवायचं ठरवलं. जेमतेम १ कोटी २८ लाखांचा शब्द मिळाला आणि फोन निघालाच नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये लुमिया ९५०मध्ये कंटिन्युअम दिलं, पण त्यावर चालणारी अ‍ॅप मोजकीच होती. २०१७ साली गॅलेक्सी एस८बरोबर डेक्स आलं आणि ते टिकलं. या पडझडीची कारणं सांगताना फोन तेव्हा हळू होते असं म्हणतात. तेही खरं आहे. मला त्याहून मोठं कारण वाटतं ते हे, की ज्यांच्या बॅगेत आधीच लॅपटॉप होता, त्यांनाच ही वस्तू विकायला काढली. त्यांना तिची गरज नव्हती. ज्या घरात फोन हा एकुलता एक संगणक आहे, त्या घराच्या दाराशी ती वस्तू कुणी नेलीच नाही.

आणि आजही नेली जात नाही, हे मी रोज बघते.

आमच्या वाचन कक्षात खिडकीजवळ आम्ही असं एक टेबल मांडलं आहे. मॉनिटर एका पतसंस्थेने संगणक बदलले तेव्हा मिळाला. तो जुना, मागे फक्त व्हीजीए पोर्ट असलेला, म्हणून एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावावा लागला; तो काहीशे रुपयांत येतो. कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले. अभ्यासिकेतली मुलं आपापला फोन घेऊन येतात, वायर लावतात आणि मॉनिटरकडे बघत राहतात. दहा-बारा हजारांचा फोन असला की बहुतेक वेळा काहीच होत नाही. फोन चार्ज होऊ लागतो, कीबोर्डवर टाइप केलेलं फोनच्या स्क्रीनवर उमटतं, मॉनिटर मात्र काळाच. "मॅडम, वायर खराब आहे का?" हा प्रश्न ठरलेला.

वायर चांगली असते. टाइप-सी पोर्ट बाहेरून सगळीकडे सारखं दिसतं, पण त्यातून चित्र बाहेर पाठवायचं तर डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड नावाची सोय आत असावी लागते. त्यासाठी जलद वहनाच्या वेगळ्या वायरी पोर्टापर्यंत आणाव्या लागतात. स्वस्त फोनमध्ये पोर्ट नव्या आकाराचं, पण आतली जोडणी चार्जिंग आणि जुन्या यूएसबी २.० वेगाच्या फाइल-देवाणघेवाणीपुरतीच असते. भिंतीत नळ बसवला आणि त्याच्यामागे पाइपच टाकला नाही, तसं हे आहे. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, खोक्यावर बहुधा लिहिलेलं नसतं, दुकानदारालाही माहीत नसतं. टीव्हीवर वायफायने स्क्रीन पाठवता येते, पण तिथे फोनचीच उभी पट्टी मोठी होऊन दिसते आणि अक्षर दाबल्यावर ते उमटायला क्षणभर उशीर होतो. सिनेमा बघायला ते चालतं. दोन हजार शब्दांचा अहवाल तसा लिहून होत नाही.

आतली सोय देण्यात पैसे लागतात आणि स्वस्त चिपच्या काही मर्यादा असतात, हे मला मान्य आहे. पण सगळं कारण तेवढंच नाही. गूगलचा पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हा त्यातून मॉनिटरवर चित्र जात नव्हतं. जून २०२४ मध्ये एक सॉफ्टवेअर अपडेट आलं आणि त्याच फोनमधून, त्याच पोर्टातून चित्र जाऊ लागलं. म्हणजे पाइप आत होता, चावी बंद होती. अ‍ॅपलने २०२३ मध्ये आयफोन १५ला टाइप-सी पोर्ट दिलं, त्यातून उत्तम चित्र जातं, पण मॉनिटरवर दिसते ती फोनच्या स्क्रीनचीच नक्कल. एवढा ताकदवान फोन आणि त्याला दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडू द्यायच्या नाहीत, हा कंपनीचा निर्णय आहे. मे २०२५ मध्ये गूगलने सॅमसंगच्या सोबतीने अँड्रॉइडमध्येच डेस्कटॉपची सोय आणत असल्याचं जाहीर केलं, ही आनंदाची बातमी आहे. पण सॉफ्टवेअर सगळ्यांना मिळालं आणि पोर्टामागे वायरी फक्त महाग फोनमध्येच राहिल्या, तर आमच्या टेबलावरचा मॉनिटर काळाच राहणार.

त्या टेबलावर काय होऊ शकतं, याचं एकच उदाहरण देते. लिपिक-टंकलेखक पदाची तयारी करणारी एक मुलगी अभ्यासिकेत येते. त्या पदाला मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द लागतो. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तिला दिवसाचा ठरावीक वेळच मशीन मिळे. तिच्या फोनमधून चित्र जात नव्हतं. मग तिने भावाचा टाकून दिलेला, गॅलेक्सी एस मालिकेतला जुना फोन आणला. काचेला तडे, निम्मी स्क्रीन काळी, घरात कुणी वापरत नव्हतं. तो हबला लावला, पिन कीबोर्डवरून टाकला आणि मॉनिटरवर स्वच्छ डेस्कटॉप उभा राहिला. इनस्क्रिप्ट कीबोर्डसाठी एक वेगळं अ‍ॅप घ्यावं लागलं, ते बसवायला आम्हा दोघींची एक दुपार गेली. आता ती वाचनालय उघडायच्या वेळी दाराशी उभी असते. परीक्षेच्या सॉफ्टवेअरचा सराव तिला इन्स्टिट्यूटमध्येच करावा लागेल. पण बोटांना वळण लागायला जे तास लागतात, ते तिला इथे फुकट मिळतात, आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख समोर ठेवून ती तो टाइप करते.

ग्रंथपाल म्हणून मला या टेबलाचं महत्त्व आणखी एका कारणाने वाटतं. वाचनालयांना, शाळांना संगणक देण्याचे प्रयोग आपण पुष्कळ केले. त्यांचं पुढे काय होतं हे गावोगाव दिसतं : व्हायरस शिरतो, हार्ड डिस्क जाते, दुरुस्तीला तरतूद नसते, आणि शेवटी मशीनवर कव्हर घालून ठेवलं जातं. मॉनिटर आणि कीबोर्डमध्ये बिघडण्यासारखं फार थोडं असतं. शिवाय ऑनलाइन सेंटरवर अर्ज भरला की आधार कार्ड, गुणपत्रिका, बँकेच्या पासबुकाची प्रत परक्या मशीनवर राहते. इथे सगळं मुलीच्या फोनमध्ये असतं; वायर काढली की टेबलावर मागे काहीही उरत नाही. जिओने २०२५ मध्ये जिओपीसी आणला. त्यात घरचा टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सच्या मदतीने दूरच्या सर्व्हरवरचा संगणक भाड्याने वापरता येतो. कुणाला त्याचा उपयोग होत असेल तर चांगलंच आहे. पण त्याला महिन्याचं भाडं आणि अखंड इंटरनेट लागतं. खिशात विकत घेतलेला संगणक असताना दुसरा भाड्याने कशाला घ्यायचा?

फोन सगळं करतो असं मी कुणाला सांगत नाही. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाला लॅपटॉप लागतोच. टॅली फोनवर बसवता येत नाही, एक्सेलमधले मॅक्रो चालत नाहीत. आणि आपल्या मराठी छपाईच्या, कार्यालयांच्या जगात अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइली फिरतात. त्या फोनवर उघडल्या की अक्षरांची नुसती गिचमिड दिसते. ज्याला डीटीपीचं काम करायचं त्याने विंडोजचं मशीनच घ्यावं. पण कला, वाणिज्य, बी.एड., डी.एड., स्पर्धा परीक्षा, बचत गटाचे हिशेब, ग्रामपंचायतीचे अर्ज, सहकारी संस्थेची इतिवृत्तं एवढ्या कामांना फोन, मॉनिटर आणि कीबोर्ड पुरेसे आहेत, हे मी जबाबदारीने लिहिते.

म्हणून माझं मागणं सरकारकडे आहे. तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले, उत्तर प्रदेशने २०२१ मध्ये टॅबलेट आणि स्मार्टफोन वाटायला घेतले. आपल्या राज्यानेही अंगणवाडी सेविकांसाठी फोन खरेदी केले. सरकार जेव्हा फोन किंवा टॅबलेट घाऊक खरेदी करतं, तेव्हा निविदेत एक अट घालावी : टाइप-सी पोर्टातून मॉनिटरवर चित्र गेलंच पाहिजे. हजारो-लाखोंची मागणी असेल तर कंपन्या त्या वायरी टाकतील. विक्रीच्या प्रत्येक फोनच्या खोक्यावर ही सोय आहे की नाही, हे मराठीत छापणं सक्तीचं करावं. आणि १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या प्रत्येक वाचनालयाला पुस्तकांच्या अनुदानाला हात न लावता एक मॉनिटर, एक कीबोर्ड आणि एका हबपुरते पैसे द्यावेत. एका लॅपटॉपच्या किमतीत अशी तीन-चार टेबलं मांडून होतात.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. पुढचा फोन घ्यायला जाल तेव्हा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारून झाले की "याच्यातून मॉनिटरवर चित्र जातं का, वायर लावून दाखवा," असं दुकानदाराला म्हणा. त्याला माहीत नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्ट हा शब्द शोधा. आणि घरात, दवाखान्यात, पतसंस्थेत एखादा चालू मॉनिटर धूळ खात पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारून बघा. केबल हरवली असली तरी चालेल, तिची सोय आम्ही करू.