दमट प्रदेशातील प्लायवूड : पारख चिकटद्रव्याची हवी

बियाण्याच्या पिशवीवरील खूणचिठ्ठी वाचल्याशिवाय पेरणी न करणारा शेतकरी घरातील कपाटासाठी प्लायवूड घेताना मात्र केवळ जाडी आणि भाव पाहतो. कोकण, केरळ, आसाम यांसारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशांत ही गफलत महागात पडते. काही पावसाळ्यांतच कडा फुगतात, थर सुटतात, कप्प्यांना बुरशी धरते आणि दोष लाकडाला दिला जातो.

वास्तविक अशा वेळी बहुधा हार मानते ते थर जोडणारे चिकटद्रव्य. ‘एमआर’ प्रतीत सामान्यतः युरिया फॉर्माल्डिहाइड वापरतात. हवेतील थोडी आर्द्रता ते सोसते, सततची ओल नाही. ‘बीडब्ल्यूआर’ आणि मरीन प्लायवूडमधील फिनॉल फॉर्माल्डिहाइड पाण्याला दीर्घकाळ दाद देत नाही. मरीन प्लायवूडसाठीच्या आयएस ७१० या भारतीय मानकानुसार नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासला जातो. दुकानदाराच्या तोंडचा ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द म्हणजे अशी प्रतवारी नव्हे.

तथापि सर्वत्र मरीनच हवे, हा आग्रहही अनाठायी आहे. मोरीलगतची आणि सिंकखालची कपाटे मरीनची असावीत. दमट भागातील इतर फर्निचरला बीडब्ल्यूआर पुरेसे ठरते. एमआर कोरड्या खोलीपुरतेच ठेवणे श्रेयस्कर. उत्तम प्लायवूडही उघड्या कडांमधून पाणी शोषते. म्हणून कापलेली प्रत्येक कड आणि मागील बाजू लेपाने बंद करणे, कपाट ओलसर भिंतीपासून थोडे अंतर राखून पायांवर उभे करणे आवश्यक आहे. पाणी सोसणारे चिकटद्रव्य वाळवी रोखतेच असे नाही. त्यासाठी लाकडावर परिरक्षक प्रक्रिया झाली आहे का, हे वेगळे विचारावे लागते.

हा विषय केवळ गृहसजावटीचा नाही. भारतीय प्लायवूडचा मोठा कच्चा माल, विशेषतः पॉप्लर आणि निलगिरी, शेताच्या बांधावरून येतो. निकृष्ट जोडणीमुळे शेतातील लाकूड बदनाम झाले, तर वनशेतीवरील विश्वासालाही तडा जातो. विस्तार कार्यकर्त्यांनी वनशेतीच्या प्रशिक्षणात प्लायवूडवरील शिक्का वाचणे, मानक क्रमांक ओळखणे आणि बीआयएस केअर ॲपवर परवाना क्रमांक पडताळणे यांचा समावेश करावा. लाकूड पिकवणाऱ्याला लाकूड पारखताही यायला हवे.