एक लाख चाळीस हजार किलोमीटर पळालेली गाडी घ्यावी का?

गेल्या रविवारी शेजारचा मुलगा घरी आला. मानकोलीला एका गोदामात सुपरवायझर आहे, बहुतेक रात्रपाळी. "काका, दोन गाड्या बघून ठेवल्यात. जरा सोबत चला ना." मी काही मेकॅनिक नाही. पण आयुष्यभर जुन्याच गाड्या वापरल्या, त्यामुळे आमच्या आळीत कुणाला गाडी घ्यायची झाली की मला बोलावणं येतं.

पहिली गाडी २०१४ ची डिझेल. मीटरवर ६२ हजार. पॉलिश मारून चकाचक. दुसरी २०१७ ची पेट्रोल, मीटरवर १ लाख ४० हजार, बंपरवर ओरखडे. दोन्हींची किंमत साडेतीन लाखांच्या आसपास. घरच्यांचं पहिलीवर ठरलंच होतं. त्याची आई म्हणाली, "लाखाच्या वर पळालेली गाडी म्हणजे भंगार."

मी म्हटलं, दुसरी घ्या. त्यावरून बराच वाद झाला. हा वाद भिवंडीत घरोघरी होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला मुद्दा. किलोमीटर किती झाले यापेक्षा ते कुठे झाले ते विचारा. दुसऱ्या गाडीचा मालक दर आठवड्याला नाशिकला जाऊन यायचा. येऊन-जाऊन पावणेतीनशे किलोमीटर धरले तरी वर्षाचे १४ हजार तिथेच झाले. आठ वर्षांत १ लाख ४० हजार म्हणजे हिशोब बरोबर जुळतो. हायवेवर गाडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये एका लयीत चालते. क्लच कमी दाबला जातो, ब्रेक कमी लागतो, इंजिन नीट गरम होऊन चालतं.

आता आपल्याकडचे किलोमीटर बघा. अंजूरफाट्यापासून राजनोली नाक्यापर्यंत संध्याकाळी निघा. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये मेट्रो ५ चं काम, खाली खड्डे. मीटर दोन-चार किलोमीटर दाखवतो, पण इंजिन तासभर चालू असतं आणि क्लच शेकडो वेळा दाबलेला असतो. शॉकअप, बुश, बॉल जॉइंट यांची तर खड्ड्यांत वाटच लागते. मीटरला हे काहीच कळत नाही. भिवंडीतल्या भिवंडीत ५० हजार चाललेली गाडी हायवेच्या लाखभर किलोमीटरवाल्या गाडीपेक्षा जास्त झिजलेली असू शकते. बीएस ६ डिझेल घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तिच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी सतत ट्रॅफिकमध्येच चालली तर तो चोंदतो आणि बदलायचा खर्च मोठा असतो.

दुसरा मुद्दा, मीटर. ६२ हजारवाल्या गाडीचे पेडल बघितले. क्लचचं रबर गुळगुळीत झालेलं, स्टीअरिंगचं कव्हर नवं कोरं. गाडीचा नंबर देऊन सर्व्हिसची जुनी नोंद काढायला सांगितली. विकणारा आधी टाळत होता. शेवटी नोंद निघाली, २०२१ मध्येच ९८ हजार! म्हणजे गाडी चार वर्षं उलटी चालली की काय? डिजिटल मीटर आला म्हणजे छेडछाड थांबली, असं समजू नका. लॅपटॉप लावून आकडा खाली आणता येतो.

पण मंडळी, यात फक्त विकणाराच दोषी आहे का? आपण गाडी बघायला गेलो की पहिला प्रश्न काय विचारतो? "किती चाललीय?" लाखाच्या वर ऐकलं की तोंड फिरवतो. जो खरं सांगतो त्याची गाडी सहा महिने उभी राहते, आणि मीटर फिरवणाऱ्याची आठवड्यात जाते, वर पैसेही जास्त मिळतात. खोटा आकडा आपणच मागतो, बाजार तो पुरवतो. त्यामुळे माझं मत असं, की जास्त पळालेली गाडी घेण्यात धोका कमी आहे, कमी पळालेली म्हणून विकलेली गाडी न तपासता घेण्यात जास्त आहे.

याचा अर्थ डोळे मिटून घ्या असा नाही. सकाळी इंजिन थंड असताना चालू करून बघा, धूर कसला येतो ते पाहा. टायरवर चार आकडी कोड असतो. ३५२१ म्हणजे २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. सीएनजी असेल तर सिलेंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालीय का ते कागदावर बघा. सीटबेल्ट पूर्ण ओढून चिखलाचे डाग शोधा, गालिच्याखाली हात घाला. कामवारीचं पाणी दर काही वर्षांनी खालच्या वस्तीत शिरतं, त्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येतेच. आपला मेकॅनिक घेऊन जा, विकणाऱ्याचा नको. आणि सगळे पैसे गाडीत घालू नका. लाखाच्या वरच्या गाडीला क्लच, सस्पेन्शन, बॅटरी, टायर यांतलं काहीतरी वर्षभरात निघणारच. तेवढी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल तर थांबा.

तिसरा मुद्दा कागदांचा. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. "भाऊ, नंतर करू नावावर" हे वाक्य ऐकलं की उठून या. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं पाहिजे. विकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो. गाडी विकून चार वर्षं झाली तरी नोटीस तुमच्याच दारात येईल. बँकेचा बोजा उतरलाय का, चलनं थकलीत का, गाडी आधी टूरिस्ट परमिटवर होती का, हे सगळं पैसे देण्याआधी तपासा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतरच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून ५ हजार झालीय, वर पर्यावरण कर. २०१४ ची गाडी पाच वर्षांच्या कर्जावर घेतली तर हप्ते संपायच्या आधीच नोंदणी संपेल. दिल्लीच्या गाड्या स्वस्त मिळतात, पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन नंबर यांचा खर्च धरूनच भाव करा.

आता सरकारकडे एक मागणी. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, प्रत्येक वेळी मीटरचं रीडिंग नोंदवलं जातं, आणि गाडीचा नंबर टाकून ते कुणालाही फुकट बघता येतं. आपल्याकडे पीयूसी काढायला गाडी न्यावीच लागते. तेव्हाच मीटरचा फोटो घ्या आणि आरसीच्या माहितीसोबत सगळ्यांना दिसू द्या. जुन्या गाड्यांच्या डीलरना १ एप्रिल २०२३ पासून आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याचा नियम आहे. तुम्ही कधी ते मागितलंय? मागायला लागा. ज्याच्याकडे नसेल त्याच्याकडून गाडी घेऊ नका.

कुणी म्हणेल, गाडी हवीच कशाला? रात्री अडीचला मानकोलीहून घरी कसं यायचं ते त्या मुलाला विचारा. भिवंडी रोड स्टेशनला वसई-दिवा मार्गाच्या मोजक्याच गाड्या, आणि त्या वेळी रिक्षावाला मागेल ते द्यायचं. ज्याचा पगार नव्या गाडीचा हप्ता पेलत नाही, त्याच्यासाठी जुनी गाडी ही चैन नाही. म्हणूनच त्याची फसवणूक जास्त टोचते.

त्या मुलाने शेवटी दुसरी गाडी घेतली. वीस हजार कमी करून घेतले, ते क्लचसाठी बाजूला ठेवलेत. नाव बदलायचा अर्ज भरल्यावरच उरलेले पैसे दिले. त्याच्या आईला अजून पटलेलं नाही. "एक लाख चाळीस हजार!" असं येता-जाता मला ऐकवते.

तुमच्या गाडीचा मीटर किती आणि अनुभव काय, खाली लिहा. खरा आकडा लिहा म्हणजे झालं.