प्रवेश किती, पदव्या किती?
कामगार बंधूंनो, गिरणीत कापसाच्या गाठी किती आल्या, कापड किती निघालं, घट किती झाली, याचा पै-पैचा हिशेब मालक ठेवतो. मग आपल्या पोरांच्या शिक्षणाचा का नको? आमच्या डोणगावचं विद्यापीठ पूर्वी नागपूरचं. १९८३ साली १ मे रोजी अमरावतीचं झालं. बुलढाण्यासह पाच जिल्हे त्याच्याकडे. पदवीदानाला पदव्यांचा आकडा मोठ्याने वाचतात. पण पहिल्या वर्षाला नाव घातलेल्यांपैकी किती गळाले? पोरगा आळशी, एवढं बोलून सुटता येत नाही. पेरणीच्या दिवसांत तो वर्गात नव्हता, शेतात होता! आमची मागणी साधी आहे: प्रवेश आणि पदव्या, दोन्ही आकडे एकाच कागदावर, तालुकावार, मराठीत छापा.