थेंबाथेंबाने बदला फिश टँकचे पाणी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांच्या हट्टापायी अनेक घरांत फिश टँक येतो. महिना-दोन महिने सगळे सुरळीत चालते. मग पाणी पिवळट दिसू लागते, अम्मी म्हणते, “वास मारतोय, बदला ते पाणी!” रविवारी अब्बा बाह्या सरसावतात, निम्म्याहून जास्त पाणी उपसतात आणि नळाचे ताजे पाणी भरतात. काच चकचकीत होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे उलटे तरंगताना दिसतात. मुले रडतात. दोष दुकानदारावर जातो, “आजारी मासे दिले त्याने!”

बहुतेक वेळा दुकानदार निर्दोष असतो. पाणी बदलले हीसुद्धा चूक नसते. ते फार उशिरा आणि एकदम बदलले, ही चूक असते.

टँकमध्ये काय घडते ते पाहू. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन थोड्या प्रमाणातही विषारी असतात. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सहन करतात, पण ते साचत जाते. याच क्रियेत पाणी हळूहळू आम्लधर्मी होते. आम्लधर्मी पाण्यात उरलासुरला अमोनिया कमी घातक रूपात दबून असतो. अशा वेळी अर्धा टँक ताज्या पाण्याने भरला की पाण्याचा आम्लपणा अचानक उतरतो आणि दबलेला अमोनिया पुन्हा विषारी होतो. त्यात नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ल्यांना भाजते. तापमानही एका क्षणात बदलते. मासे यातच दगावतात.

यावर उपाय म्हणजे रोज थोडे पाणी, तेही थेंबाथेंबाने. शेतातले ठिबक सिंचन आपल्याला नवे नाही, तीच कल्पना इथे वापरायची. एका बाजूने स्वच्छ पाणी ठिबकत राहते, दुसऱ्या बाजूने तेवढेच जुने पाणी बाहेर पडते.

उदाहरणासाठी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँक घेऊ. वरची दोन इंच जागा मोकळी सोडली तर त्यात सुमारे ९० लिटर पाणी मावते. त्याला दिवसाला १० लिटर पाणी पुरे.

सामान साधे आहे. १० लिटरची एक बादली टँकपेक्षा उंच अशा भक्कम फळीवर ठेवा. साबण किंवा फिनेल कधीही न लागलेली बादलीच वापरा. मेडिकलच्या दुकानातून सलाइनचा नवा सेट आणा. त्याचे टोकदार टोक कापून नळी बादलीच्या तळाशी बुडवून बांधा, नळी पाण्याने भरून घ्या आणि दुसरे टोक टँकवर सोडा. सेटवरच्या चाकाने थेंब कमी-जास्त करता येतात. दिवसाला १० लिटर म्हणजे मिनिटाला सुमारे ७ मिलिलिटर. थेंब मोजत बसू नका. औषधाच्या मापात ५ मिनिटे पाणी धरा, ३५ मिलिलिटर भरले की वेग बरोबर आहे. बादली रिकामी होत जाईल तसा वेग मंदावतो, म्हणून संध्याकाळी चाक थोडे सैल करावे. शेतातला ड्रिपर इथे नीट चालत नाही, कारण त्याला लागणारा दाब फळीवरच्या बादलीतून मिळत नाही.

आता बाहेर जाणारे पाणी. नवा टँक बनवून घेणार असाल तर काचा जोडण्यापूर्वीच मागच्या काचेला हव्या त्या उंचीवर भोक पाडून नळी बसवून द्यायला सांगा. टफन्ड काचेला मात्र भोक पाडता येत नाही, ती फुटते. जुना टँक असेल तर त्याच्या बाहेरच्या बाजूला एक प्लास्टिकचा पेला असा टांगा की त्याची कड टँकमधल्या पाण्याच्या पातळीवर येईल. पाण्याने भरलेल्या नळीचे एक टोक टँकमध्ये आणि दुसरे पेल्यात बुडवा. दोन्हीकडची पातळी सारखी राहते, टँकमध्ये पाणी वाढले की पेल्यातून ते ओसंडून खालच्या बादलीत पडते. टँकमधल्या टोकाला स्पंज बांधा, म्हणजे पिल्ले ओढली जाणार नाहीत. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर प्रवाह थांबतो, म्हणून रोज एकदा नजर टाका.

आणि ती नजर एखाद्या दिवशी चुकली तर? म्हणूनच बादली १० लिटरची. या टँकमध्ये १० लिटर जास्त पाणी आले तर पातळी सुमारे साडेतीन सेंटीमीटर वाढते, आणि वर पाच सेंटीमीटर जागा मोकळी आहे. बाहेरची नळी तुंबली तरी दिवसभरात टँक भरून वाहणार नाही. दुसरी बादली लावण्यापूर्वी पातळी पाहून घ्या म्हणजे झाले. गच्चीवरच्या टाकीची नळी थेट जोडण्याचा मोह टाळा. ती टाकी रात्रभरात खालच्या मजल्यावरच्यांची झोप उडवू शकते.

सातवी-आठवीच्या मुलांना सुट्टीत हे गणित द्या. समजा, माशांमुळे टँकमध्ये दररोज लिटरमागे २ मिलिग्रॅम नायट्रेट वाढते. आठवड्यातून एकदा अर्धे पाणी बदलले तर प्रमाण १४ ते २८ च्या दरम्यान वर-खाली होत राहते. रोज १० लिटर ठिबकवले तर ते १८ च्या आसपास स्थिर होते (नळाच्या पाण्यात मुळात असेल तेवढे त्यात मिळवावे). माशांना हे स्थैर्यच हवे असते. मात्र पहिल्या पद्धतीत आठवड्याला ४५ लिटर पाणी लागते आणि दुसरीत ७०. ठिबकताना नव्या पाण्याचा थोडा भाग जुन्यात मिसळून तसाच बाहेर जातो, त्याची ही किंमत.

जिथे नळ तीन-चार दिवसांआड येतो, तिथे ही किंमत लहान नाही. अशा घरांनी मासे कमी ठेवावेत. निम्मे मासे असतील तर ५ लिटरही पुरतात, आणि कमी मासे जास्त दिवस जगतात. बाहेर पडणारे पाणी वाया घालवू नका. त्यातले नायट्रेट म्हणजे झाडांचे खत. कुंडीतला पुदिना, कढीपत्ता, मोगरा त्यावर छान वाढतात. टँकमध्ये औषध किंवा मीठ टाकले असेल, तेवढे दिवस मात्र ते झाडांना घालू नये.

काही गोष्टी आवर्जून पाळाव्यात. नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात राहू द्या, म्हणजे क्लोरीन उडून जाते. भांड्यावर पातळ कापड बांधा, नाहीतर त्यात डास अंडी घालतील. आर.ओ. मशिनचे वाया जाणारे पाणी वापरू नका, त्यात क्षार दाटलेले असतात. बोअरचे पाणी वापरत असाल तर त्यातले नायट्रेट एकदा तपासा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि शेताजवळच्या बोअरमध्ये ती ओलांडली जाऊ शकते. तसे पाणी कितीही ठिबकवले तरी टँकमधले नायट्रेट त्याखाली येणार नाही.

उन्हाळ्यात आटलेले पाणी नुसते वरून भरणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. वाफ उडते, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. जुने पाणी बाहेर जायलाच हवे. तळाच्या खड्यांतली घाणही ठिबकने निघत नाही, ती नळीने ओढून काढावी लागते. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात.

ज्यांच्या टँकचे पाणी कित्येक महिने बदललेलेच नाही, त्यांनी एकदम १० लिटरवर जाऊ नये. पहिला आठवडा दिवसाला २-३ लिटर, मग ५ आणि मग १०. जे पाणी महिनोन्महिने बिघडत गेले, ते सुधारायलाही दोन-तीन आठवडे द्यावेत. बादली भरणे, माप धरणे आणि पातळी पाहणे ही कामे मुलांमध्ये वाटून द्या. दिवसाला पाच-दहा मिनिटांचे काम आहे. ज्यांनी हट्ट करून मासे आणले, त्यांनाच ते करू द्यावे.